जुना घोडा पुन्हा रस्त्यावर आणताना

टाटाचा कमिन्स ६बीटी इंजिनवाला जुना घोडा (ट्रेलर ओढणारा ट्रक) विकत घेऊन उभा करायचा, तर पहिलं काम कागदांचं. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर कर, ई-चलन आणि बँकेचा बोजा बघा. जुन्या अवजड गाडीचं फिटनेस शुल्क वयाप्रमाणे वाढतं, ते आरटीओत आधीच विचारून खर्चात धरा. मग चासी नंबरवरचा गंज हलक्या हाताने काढून, कागद ठेवून वर पेन्सिल घासा. एखादा आकडा उठत नसेल तर सौदा तिथेच थांबवा. ग्राइंडर त्या जागेजवळ नेऊ नका. पासिंगला हीच छाप मागतात.

चासी धुऊन कमानीचे (पाट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर आणि फिफ्थ व्हीलखालची (ट्रेलर जिथे टेकतो आणि अडकतो त्या तबकडीखालची) जागा टॉर्चच्या उजेडात तपासा. रिवेटभोवती लालसर भुकटी दिसली, की रिवेट आतून हलतोय. त्यावर वेल्डिंगचा थर चढवू नका, शेजारून नवा तडा जातो. रिवेट ड्रिलने काढून भोक रीम करा (रीमरने नेमक्या मापाला गुळगुळीत करा) आणि घट्ट बसणारा हाय टेन्साइल बोल्ट टाका. इतरत्र वेल्डिंग करावंच लागलं तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा.

खर्चाचा सगळ्यात मोठा खड्डा इंजिनचा. ५.९ लिटरच्या या ब्लॉकला मुळात लायनर (सिलेंडरमधली बदलता येणारी नळी) नाही, बोर (पिस्टन चालतो ते भोक) थेट ब्लॉकमध्येच, १०२ मिमीचा. म्हणून सवयीने लायनर-पिस्टनचा किट आणून ठेवू नका. बोर मोजा, तो घासून ०.५ की १ मिमी मोठा (ओव्हरसाइज) करायचा ते ठरवा, मगच पिस्टन मागवा. त्यापुढे झिजला असेल तर स्लीव्ह (बोरमध्ये दाबून बसवायची नळी) बसवावी लागते आणि बिल वाढतं. इंजिनचं पुढचं कव्हर उघडलंच आहे तर टायमिंग हाउसिंगमधली (टायमिंग गिअरच्या घरातली) डॉवेल पिन, म्हणजे जागा धरणारी छोटी पिनही बघा. थरथरीने ती बाहेर सरकते, गिअरमध्ये पडते आणि हाउसिंग फोडते. जवळच्या बोल्टखाली एक पत्ती लावून तिला अडवायचं, एवढंच काम. शेवटी थंड इंजिनवर टॅपेट (व्हॉल्व्हची फट): इनलेट ०.२५, एक्झॉस्ट ०.५१ मिमी.

ब्रेकच्या हवेच्या टाक्या रिकाम्या करा. पाण्याबरोबर ऑइल आलं तर बहुतेक कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या. गळती साबणाच्या पाण्याने शोधा. स्प्रिंग ब्रेकचा (हवा गेली की स्प्रिंगने लागणाऱ्या ब्रेकचा) चेंबर केजिंग बोल्टने स्प्रिंग दाबल्याशिवाय कुणालाही उघडू देऊ नका. आतली स्प्रिंग जीव घेते.

ट्रेलरची किंगपिन (फिफ्थ व्हीलमध्ये अडकणारी पिन) नवी ५०.८ मिमी जाडीची असते, ४९ च्या खाली गेली की बदला. (दुकानात ‘ट्रेलरची’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर पुढच्या एक्सलची किंगपिन हातात पडेल.)

टायर घाईने घेऊ नका. गॅरेजात महिनोन्‌महिने उभ्या गाडीवर नवं रबर वाया जातं. १०.००-२० चा एक टायर वीस हजारांच्या आसपास, चार बाय दोन घोड्याला (दोन एक्सल, मागे जोडटायर) सहा लागतात, ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब-रिममधली रबरी पट्टी) वेगळे. रंग त्याहून उशिरा, चाचणीची फेरी मारून ऑइल कुठे झिरपतं ते बघितल्यावर. रिफ्लेक्टिव्ह टेप मात्र रंग पक्का वाळल्यावरच लावा, नाहीतर पहिल्याच धुलाईत सुटते.