जपानला निघण्यापूर्वी: औषधांची पिशवी आणि भूकंपाची तयारी

चोरी-मारामारीची भीती जपानमध्ये फारशी नाही. तयारी करायची ती औषधांची आणि भूकंपाची.

डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिनाभर पुरतील एवढी, आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी दोन महिन्यांची, सोबत नेता येतात. जास्त लागणार असतील तर ‘युन्यु काकुनिन्शो’ हे प्रमाणपत्र निघण्याआधीच अर्ज करून घ्या. खरी गोम मात्र घटकांत आहे. सर्दीच्या गोळीत स्युडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती नेताच येत नाही. ॲम्फेटामिन असलेलं औषध डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी बंदच. कोडीन १ टक्क्याहून अधिक असेल तर आधी परवानगी लागते. गोळ्या सुट्या डबीत भरू नका. घटकांची नावं दिसतील अशा मूळ पाकिटातच राहू द्या.

आता भूकंप. भूकंपाच्या वेगवान लहरी आधी पोचतात, जोराचा हादरा देणाऱ्या मागून. त्या फरकावरच मोबाइलवरची सूचना चालते, म्हणून हाती सेकंदच उरतात, आणि केंद्राजवळ असाल तर तेवढेही नाहीत. परदेशी फोनवर ही सूचना येईलच असं नाही, तेव्हा ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप उतरवून घ्या. हादरे सुरू झाले की टेबलाखाली शिरा, डोकं झाका. बाहेर धावत सुटू नका, वरून काचा आणि पाट्या पडतात. लिफ्टमध्ये असाल तर सगळ्या मजल्यांची बटणं दाबा आणि दार उघडेल तिथे उतरा.

किनाऱ्यावर जोराचा किंवा लांबलेला हादरा जाणवला तर सूचनेची वाट न पाहता उंचावर जा. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा फडकवला जात असेल तर तो त्सुनामीचा इशारा. पाण्यात असाल तर लगेच बाहेर पडा. पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरू नका. नंतरची तिच्याहून मोठी असू शकते.

वीज १०० व्होल्ट, प्लग दोन चपट्या पिनांचा. चार्जरवर ‘१००-२४०’ छापलेलं असेल तर फक्त ॲडॉप्टर पुरतो. २३० व्होल्टचा हेअर ड्रायर तिथे धड तापत नाही. पासपोर्ट कायम अंगावर ठेवा, परदेशी पाहुण्यांना तो कायद्यानेच बंधनकारक आहे. शहरांतल्या बहुतेक लोकल मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात आणि पहाटे ५ च्या आसपास सुरू होतात. नाइटलाइफच्या भागात रस्त्यावर आग्रह करून बारमध्ये नेणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, बिल भलतंच निघतं.

पोलिसांसाठी ११०, आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. ११९ लावल्यावर आधी ‘काजी’ म्हणजे आग की ‘क्यूक्यू’ म्हणजे रुग्णवाहिका, असं विचारतात. पत्ता सांगता येत नसेल तर जवळचं पेयांचं व्हेंडिंग मशीन शोधा. त्यावर पुष्कळदा पत्त्याचं स्टिकर असतं. ते जपानीत असतं, म्हणून फोन शेजारच्या माणसाच्या हातात द्या.