वडील गेल्यावर भावंडं तुटतात ती कुठे? या चुका टाळा

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल मांडून मला सव्वीस वर्षं झाली. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोड म्हणजे वारसानं आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, सगळं लिहून देतो. एकच घर मला दोनदा भेटतं. पहिल्यांदा सह्या करायला सगळे एकाच गाडीतून येतात. पाच-सात वर्षांनी तेच लोक दाव्यासाठी नकला काढायला येतात, तेव्हा गाड्या वेगळ्या आणि वकीलही वेगळे. कागदात क्वचितच खोट असते. खोट असते ती तो कागद कधी आणि कसा पुढे केला त्यात.

तेराव्याच्या पंगतीत बहिणीला विचारणं

ही चूक मला सगळ्यात जास्त चीड आणते, कारण ती मी स्वतः केली आहे.

2011 मध्ये आमचे अण्णा गेले. तेराव्याचं जेवण उरकलं, भावकी सुपारी कातरत ओट्यावर बसलेली. चुलत्यांनी विषय काढला आणि मी अक्काला सगळ्यांदेखत विचारलं, "हक्कसोड करून देशील ना गं?" ती ताटं उचलत होती. म्हणाली, "कुठं सही करायची तेवढं दाखव." मला वाटलं, काय बहीण आहे! दीड-दोन महिन्यांत वारस नोंद झाली, मीच दस्त लिहिला, अक्कानं मशीनवर अंगठा ठेवला, कॅमेऱ्यात बघितलं आणि दुपारच्या एसटीनं गेली. जेवायलासुद्धा थांबली नाही.

त्या दस्तात एक ओळ असते, ती मी हजारदा टाइप केली असेल: "स्वखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता." सोळा माणसांसमोर विचारलेल्या प्रश्नाला बाई काय उत्तर देणार? पूर्वी अक्का दर दिवाळीला भुईमुगाच्या शेंगांचं अर्धं पोतं घेऊन जायची, वर आणि म्हणायची, "एवढ्याशाच?" त्या वर्षी म्हणाली, "राहू दे, तिकडं विकत मिळतात." अजूनही नेत नाही. भाऊबीजेला येते, ओवाळते, संध्याकाळच्या गाडीनं परत. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

"तिचं लग्न करून दिलं की" हे वाक्य माझ्या टेबलावर कोणी टाकू नये. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क 9 सप्टेंबर 2005 पासून आहे. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे सोडायचं की नाही हे ती ठरवणार. आणि नोंदलेलं हक्कसोडपत्र 'चुकलं' म्हणून परत घेता येत नाही. फसवणूक किंवा दडपण होतं हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं.

आता मी काय करतो? आलेल्यांना आधी वारस नोंद करायला पाठवतो. त्यात आई, मुलगे, मुली सगळ्यांची नावं लागतात, कोणाचं काही जात नाही. वारसाची खबर तीन महिन्यांत द्यायची असते, म्हणून तेवढं वेळेत करा. हक्कसोडाचं मात्र वर्षश्राद्ध झाल्यावर बघू म्हणतो. यूट्यूब बघून फॉरमॅट छापून आणणारे पुतणे यावर फार वैतागतात. "काका, आत्या उद्या मुंबईला चाललीय, आजच उरकू." उरकायला ती काय झाडलोट आहे? असे लोक शेजारच्या टेबलावर जातात. जाऊ देत.

आणि विचारायचंच असेल तर तिच्या घरी जा. एकटे जा, हातात कागद नेऊ नका. "नाही" म्हणाली तरी चहा पिऊन या.

आईच्या पाळ्या लावणं

सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. ऐकायला न्याय्य वाटतं. एक म्हातारी मुलासोबत माझ्याकडे आली होती. मांडीवर औषधांची पिशवी, पिशवीला दोन गाठी. मी म्हटलं, "आजी, ठेवा की खाली." म्हणाली, "नको, राहिली तर पुढच्या पाळीपर्यंत मिळायची नाही." वाटणी जमिनीची होते, इथे आईचीच झाली होती. तिची कॉट, तिचा देव्हारा, तिची शेजारीण एका जागी राहू द्या आणि पाळ्या मुलांनी घ्याव्यात. थोरल्यानं जाऊन राहावं, मग धाकट्यानं. गैरसोय होते, हो. ती तुमची होऊ दे.

आणि वडील गेल्या गेल्या आईच्या हिश्शाचं घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून घेणाऱ्यांना मी तोंडावर विचारतो, घाई कशाची? करायचंच असेल तर आईला सांभाळायची अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या. सांभाळलं नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरण तो दस्त रद्द ठरवू शकतं. ही ओळ घालतो म्हटलं की कोणाचा चेहरा पडतो ते मी बघून ठेवतो.

बाकीच्या, थोडक्यात

बँकेत नॉमिनी लागला म्हणजे पैसे त्याचे झाले, हा गैरसमज. तो पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच.

आईचं सोनं सगळ्या सुनांना बोलावून वाटू नका. ती आहे तोवर तिलाच वाटू द्या, एकेकीला, आत बोलावून.

निर्णय व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवू नका. खालचा तो अंगठा संमतीचा नसतो.

भाऊबीज जीपेवर पाठवणारे भाऊ वाढलेत. सुखाच्या दिवसांत यांचे पाय बहिणीच्या उंबऱ्याला लागत नाहीत, आणि सहीच्या दिवशी गाडी थेट दारात.

"आपल्यात कसला हिशेब" म्हणून दवाखान्याचा खर्च न लिहिणं. दोन वर्षांनी प्रत्येकाला आपलाच आकडा मोठा आठवतो. साठ रुपयांची वही आणा, आईच्या उशाशी ठेवा, ज्यानं दिले त्यानं स्वतःच्या हातानं लिहावं. रिक्षाचे चाळीस रुपयेसुद्धा. आणि ज्याला पैसे देणं जमत नाही, पण रात्री जागतो, त्याच्या नावापुढे त्या रात्रीही लिहा.