गुणसूत्रं मोजायच्या कामात नवे आहात?

सायटोजेनेटिक्सच्या, म्हणजे गुणसूत्रं तपासणाऱ्या, लॅबमध्ये येणारी नवी मुलं पेशीविभाजनाचा पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था हा क्रम झोपेतही म्हणून दाखवतात. पण मध्यावस्थेत पेशी थांबते कशासाठी, असं विचारलं की गप्प. खरी गोम तिथेच आहे. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही जुळ्या धाग्यांना विरुद्ध टोकांकडून आलेले तंतू चिकटल्याशिवाय पेशी वाटणी सुरू करत नाही. एक गुणसूत्र जरी मोकळं असलं, तरी त्याच्याकडून 'थांबा' असा रासायनिक संदेश जात राहतो.

आपलं रोजचं काम या थांबण्यावरच चालतं. रक्तातल्या लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) एरवी विभागत नाहीत. त्यांना विभाजनाला चालना देणारं फायटोहिमॅग्लुटिनिन देऊन 37 अंशांवर साधारण 72 तास वाढवायचं. मग कोल्सेमिड घालायचं. ते तंतूच बनू देत नाही, त्यामुळे संदेश थांबत नाही आणि पेशी मध्यावस्थेत अडकतात. पुढे पोटॅशियम क्लोराइडचं पातळ द्रावण. त्याने पेशी फुगते, गुणसूत्रं सुटी होतात. इथे घाई केलीत तर नुसता गुंता दिसतो. वेळ जास्त झाला तर पेशी फुटते, आणि मोजलेली 45 खरंच 45 आहेत की एक वाहून गेलंय, हे सांगता येत नाही. म्हणून एका पेशीवर विसंबायचं नाही. नेहमीच्या तपासणीत 20 पेशी पाहतात. माणसाची गुणसूत्रं 48, असं जाणकारही कित्येक वर्षं धरून चालले होते. 46 हा आकडा पक्का झाला तो 1956 मध्ये, त्यो आणि लेव्हान या संशोधकांच्या कामातून. तेव्हा मोजताना गोंधळ उडाला तर आधी स्लाइडवर संशय घ्या.

बिघाड शिकताना एक फरक सुरुवातीलाच पक्का करा. डाउन सिंड्रोममध्ये चुकते ती वाटणी: 21 व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त येते. बहुतेक वेळा ही चूक बीजांड तयार होताना झालेली असते. बीजांडाचं विभाजन स्त्रीच्या जन्माआधीच सुरू होऊन अनेक वर्षं अर्ध्यावर थांबलेलं असतं, त्यामुळे आईच्या वयाबरोबर हा धोका वाढतो. हीच चूक गर्भधारणेनंतर झाली तर काही पेशी 46 च्या, काही 47 च्या निघतात. याला मोझाइक म्हणतात.

फिलाडेल्फिया गुणसूत्राची गोष्ट वेगळी. तिथे आकडा 46 च असतो, पण 9 आणि 22 यांचे तुकडे तुटून अदलाबदल झालेली असते. त्यातून बनणारं जोडप्रथिन पेशीला सतत विभागायला लावतं आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग होतो. आधी बिघडतं गुणसूत्र, मग सुटतो विभाजनावरचा ताबा. उत्तरपत्रिकांमध्ये हा क्रम सर्रास उलटा लिहिलेला असतो.

'मायक्रोअ‍ॅरे आल्यावर हे काम उरणार का?' असं बरेच जण विचारतात. मायक्रोअ‍ॅरे ही डीएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी; तिला कमीजास्त झालेला डीएनए दिसतो. तुकड्यांची जागा बदलली पण काही घटलं-वाढलं नाही, तर तिला पत्ता लागत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांमध्ये नेमकी अशीच अदलाबदल शोधायची असते, आणि तिथे अजूनही कॅरिओटाइपच, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहून केलेली तपासणीच, मागवतात.