सफाई-सुरक्षेचा सरकारी ठेका घेताय? आधी विशेष भत्त्याचं बघा

बयाणा, डिजिटल सही, जेम पोर्टल (सरकारी खरेदीची वेबसाइट) हे तुम्हाला माहीतच असणार. एल-वन (सगळ्यात कमी दर भरणारा) कसं यायचं हे सांगणारेही गल्लोगल्ली आहेत. पैसे घेऊन निविदा भरून देणारे सल्लागार मला तरी पटत नाहीत. दर टाकून ते मोकळे होतात, पगार मात्र आपल्याला वाटायचे असतात.

खरी गोम किमान वेतनात आहे. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईपोटीची रक्कम, दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैपासून, नव्याने ठरतो. वाढला की कामगाराला द्यावाच लागतो. ठेका देणारं सरकारी ऑफिस ती वाढ आपल्याला देईलच असं नाही. 'करार कालावधीत दर स्थिर राहतील' एवढं एक वाक्य निविदेत असलं की खेळ खलास. हिशेब मांडून बघा. ४० सफाई कामगार, भत्ता समजा महिना ३०० रुपयांनी वाढला. पीएफचा मालकाचा खर्च १३ टक्के (मूळ पगार आणि भत्ता मिळून १५,००० च्या आत धरलाय), ईएसआयसी (कामगार विमा) ३.२५ टक्के. माणशी ३४८.७५ रुपये, म्हणजे महिन्याला १३,९५०. पुढच्या सहामाहीची वाढ याच्या डोक्यावर. आमचं सेवाशुल्क, म्हणजे ठेक्यातली आमची कमाई, असंच गिळलं गेलं. फरक मागितला, तर अर्ज 'तरतूद नाही' असा शेरा घेऊन परत आला.

म्हणून निविदापूर्व बैठकीत हा प्रश्न लेखी द्या. साहेबांनी मान डोलावली, त्याला काडीची किंमत नाही. फरक देऊ असं शुद्धीपत्रक (निविदेतली लेखी दुरुस्ती) निघालं तर निविदा भरा, नाही तर सोडा. खरंच सोडा, दुसरी निविदा येते.

पीएफ, ईएसआयसी १५ तारखेच्या आत भरा, चलनं आणि हजेरीपट देयकाला जोडा. बिल अडकलं म्हणून पगार थांबवता येत नाही, त्यामुळे तीन महिन्यांचे पगार खिशात नसतील तर या वाटेला जाऊच नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याजही. पण चालू ठेक्यात ते मागायची हिंमत फार थोड्यांना होते.

एवढं वाचून घाबरू नका. कागद पूर्ण असले की बिलं निघतात, उशिरा का होईना. लेखा शाखेतल्या जुन्या क्लार्कशी नीट बोला, त्याच्याइतकं कुणी शिकवत नाही.

आणि मुदतवाढीचं पत्र आलं की खूश होऊन सही ठोकू नका. 'जुन्याच दराने' हे शब्द बहुतेक शेवटच्या ओळीत असतात. चालू भत्त्याचं परिपत्रक जोडून आधी नवा दर मागा.