काच बदलली आणि गाडीला रस्त्याची कड दिसेना

खडी उडून पुढची काच तडकली, म्हणून बदलून घेतली. गाडी लेनची पट्टी ओलांडू लागली की बीप देऊन सावध करणारा, काचेमागचा कॅमेरा तेव्हापासून चुकायला लागला. गाडी लेनच्या मधोमध असतानाही डावी पट्टी ओलांडल्याचा बीप यायचा. खरोखर साइडपट्टीकडे सरकली की मात्र चिडीचूप. हे फार धोक्याचं! कॅमेराच बदला, असं सांगण्यात आलं. पण आरशामागचा कॅमेरा धडधाकट होता, फक्त त्याचा कोन हलला होता. एका अंशाच्या फरकाने 50 मीटरवरची पट्टी सुमारे 87 सेंटिमीटर बाजूला दिसते. टायरची हवा सारखी करून, सपाट जागेवर समोर टार्गेट बोर्ड (खुणांचा फलक) लावून कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवून घेतली आणि बीप ताळ्यावर आला. पावसाळ्यात पट्टे चिखलाखाली गेले की मात्र मी डोळ्यांवरच विसंबतो. काच बदलाल तेव्हा बिलात कॅलिब्रेशन आहे का, आवर्जून बघा.