आठवडाभर स्केटबोर्ड, सुट्टीत सर्फबोर्ड: दोन्ही एकत्र कसं शिकावं

गोव्यात अश्वेमच्या किनाऱ्यावर एका सकाळी मी लाटा मोजल्या. दोन तास पाण्यात होते. चौदा लाटा मिळाल्या, त्यातल्या नऊ लाटांवर उभी राहिले, दर वेळी सहा-सात सेकंद. म्हणजे दोन तासांच्या मेहनतीत बोर्डवर उभं राहणं झालं जेमतेम एक मिनिट. त्याच आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं स्केटबोर्ड चालवला, त्यातली निदान वीस मिनिटं मी बोर्डवर उभी होते.

दोन्ही खेळ एकत्र शिकण्याचं खरं कारण या हिशोबात आहे. मुंबई-पुण्याच्या माणसाला लाट महिन्यातून एकदा भेटते, तेव्हा पायांना लागणारी उजळणी चाकांवरच होणार. पण स्केटबोर्डच्या काही सवयी लाटेवर नडतात आणि लाटेच्या काही सवयी डांबरावर हाड मोडतात. त्या वेगळ्या काढता आल्या तर दोन्हीत प्रगती होते. हा लेख अगदी नवख्यांसाठी नाही. फुटलेल्या लाटेच्या फेसात उभं राहता येतं, स्केटबोर्ड ढकलून वळवता येतो आणि आता पुढे जायचंय, अशांसाठी तो आहे.

पायरी १: पुढचा पाय ठरवा आणि बदलू नका

डावा पाय पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. स्केटबोर्डवर एक आणि सर्फबोर्डवर दुसरा पाय पुढे ठेवणारे बरेच भेटतात, कारण दोन्ही खेळ वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांकडून शिकलेले असतात. अशाने एकीकडची मेहनत दुसरीकडे पोचतच नाही. लाटेवर पॉप-अप (पोटावरून एका झटक्यात उभं राहणं) घेताना जो पाय आपसूक पुढे येतो तोच स्केटबोर्डवरही पुढे ठेवा आणि ढकलायला मागचा पाय वापरा. पुढच्या पायाने ढकलायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा. दोन आठवडे चिडचिड होईल, मग बसेल.

पायरी २: काय नेता येतं, काय नाही, ते ओळखा

नजर नेता येते. जिकडे पाहाल तिकडे खांदे वळतात, खांद्यांमागे कंबर, कंबरेमागे बोर्ड. पायाकडे पाहत वळलात की लाटेवर बोर्ड थबकतो आणि स्केटबोर्डवर वळण अर्धवट राहतं.

गुडघ्यातलं वाकणंही नेता येतं. हवाईचा सर्फर लॅरी बर्टलमन लाटेवर इतका खाली वाकून वळायचा की हात पाण्याला लागायचा. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात, सांता मोनिका आणि व्हेनिस भागातल्या झेफर या स्केटबोर्ड टीमच्या पोरांनी तेच वळण हात जमिनीला टेकवून स्केटबोर्डवर आणलं. तेव्हा युरेथेनची (रबरासारख्या प्लॅस्टिकची) चाकं नुकतीच आली होती, म्हणून डांबरावर तशी पकड मिळू शकली. हे वळण आपल्याला लगेच जमणार नाही, पण त्याची सोपी आवृत्ती जमते. पार्किंगमध्ये पाण्याच्या तीन बाटल्या चार-चार पावलांवर ठेवा. बाटलीजवळून वळताना कंबरेतून नाही, गुडघ्यातून वाकून झाकणाला बोट लावा. पाठ वाकली की तोल जातो, गुडघे वाकले की राहतो. दहा मिनिटांत मांड्या पेटतात. समुद्रातल्या विस्कटलेल्या लाटेवर उभं राहण्यासाठी याहून चांगला व्यायाम मला सापडलेला नाही.

वजन मात्र तसंच्या तसं नेऊ नका. स्केटबोर्डवर वेगात असताना वजन पुढच्या पायावर हवं, नाहीतर बोर्ड थरथरायला लागतो. सर्फबोर्डवर वळताना मागचा पाय फिनच्या (बोर्डाच्या शेपटीखालच्या पात्याच्या) जवळ जातो आणि जोर तिकडून येतो. वेग हवा असेल तर पुन्हा पुढच्या पायावर. मी रविवारी रात्री गोव्याहून परतले आणि सोमवारी संध्याकाळी लगेच स्केटबोर्ड काढला. पहिल्याच उतारावर, वळताना, तीन दिवसांच्या सवयीने मागच्या पायावर जोर दिला. बोर्ड पुढे निसटला, मी मागे पडले आणि हात टेकला. उजवं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. तेव्हापासून बोर्ड बदलला की पहिली दहा मिनिटं सपाट जमिनीवर, हळू, पुढच्या पायाकडे लक्ष देत, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

पॅडल मारणं (बोर्डवर पोटावर झोपून हातांनी पाणी मागे सारणं) आणि पॉप-अप स्केटबोर्ड शिकवत नाही. त्यासाठी आठवड्यातून दोनदा पोहा आणि घरी सतरंजीवर रोज वीस पॉप-अप मारा. तळवे बरगड्यांशी, नजर समोर, गुडघे न टेकता.

पायरी ३: पडणं दोनदा शिका

पाण्यात पडताना अंग सैल आणि पसरट ठेवायचं, कारण खाली वाळू किती जवळ आहे ते दिसत नाही. डोकं खाली करून कधीही सूर मारू नका. वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती धरा, लीशला (पायाला अडकवलेल्या दोरीला) बांधलेला बोर्ड परत तुमच्याकडेच येत असतो.

जमिनीवर याच्या उलट. अंग गोळा करायचं, वेग कमी असेल तर बोर्डवरून उतरून दोन पावलं पळायचं, जास्त असेल तर खांद्यावरून लोळण घ्यायची. हात पसरून टेकायचे नाहीत. आधी गवतावर किंवा जाड गादीवर लोळण घेऊन पाहा. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड पार्किंगमध्येसुद्धा हवेतच.

पायरी ४: महिना आखा, आठवडा नाही

दोन्हीकडे एकाच वेळी नवीन काही शिकू नका. ज्या महिन्यात समुद्रावर जायचंय त्या महिन्यात स्केटबोर्डवर जुनंच घोटा: वळणं, वाकणं, नजर. ज्या महिन्यात जाणं नाही त्यात स्केटबोर्डचं नवीन, ऑली (बोर्डसकट उडी) असो की रॅम्प, हाती घ्या. जायच्या आधीचे तीन दिवस चाकांना हात लावू नका. घोटा मुरगळून तिकीट रद्द करण्याइतकं वाईट काही नाही.

कोकणकन्येने थिवीला उतरून किनाऱ्यावर पोचेपर्यंत उन्हं वर आलेली असतात आणि वारा सुटलेला असतो. त्या दिवशी पाण्यात शिरायची घाई नको. किनाऱ्यावर बसून वीस मिनिटं लाटा कुठे फुटतात ते पाहा. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उपयोगी पडतं.

पायरी ५: वेळ वाऱ्याला आणि तिथीला विचारा

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. दुपारी खारा वारा सुटतो आणि पाणी खवळल्यासारखं विस्कटतं. म्हणून सकाळ समुद्राची.

भरतीचा अंदाज कोकणातली जुनी माणसं तिथीवरून बांधतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला भरती, साडेदहा-अकराला ओहोटी, आणि साडेसातच्या सुमारास पाणी अर्ध्यावर उतरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याची ओढ जोरात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी त्यामानाने शांत. शिकण्याची सुट्टी शक्य तर भांगाच्या दिवसांत घ्या. नक्की वेळेसाठी भरतीचं कोष्टक बघाच, आणि लाल झेंडा असेल तर तिथी काहीही असो, पाण्यात जायचं नाही. ओढीत सापडलात तर बोर्ड सोडू नका, किनाऱ्याला समांतर पॅडल मारत बाहेर या.

पायरी ६: बोर्ड

सर्फिंगसाठी आठ फुटांचा फोमचा बोर्ड भाड्याने मिळतो, अजून वर्षभर तोच पुरे. लहान बोर्डाची घाई केली की लाटाच कमी मिळतात.

स्केटबोर्ड एकच घेणार असाल तर मऊ, साठ मिलिमीटरच्या वरची चाकं असलेला घ्या, आपल्या रस्त्यांच्या खडबडीला तो तोंड देतो. सर्फस्केट हा तिसरा प्रकार. त्याचा पुढचा ट्रक (चाकं बसवलेला आस) खूप वळतो आणि पायाने न ढकलता अंगाच्या हेलकाव्यावर वेग घेता येतो. तो चांगला आहे, पण एक धोका पाहिलाय: हात जोरात फिरवूनही सर्फस्केट पळतो. तीच सवय लाटेवर नेली की तोल जातो. हात छातीच्या उंचीवर शांत ठेवून गुडघ्यांनी वेग काढा. आणि हा बोर्ड उतारावर नेऊ नका.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर पश्चिम किनारा आपल्यासारख्यांसाठी बंद. रस्तेही ओले, आणि ओल्यात बेअरिंग गंजतात. छप्पर असलेलं पार्किंग शोधा, चाकं काढून बेअरिंग पुसून तेल घाला, पोहणं वाढवा. पैसे आणि रजा जमत असेल तर चेन्नईजवळच्या कोवलम किंवा महाबलीपुरमला जा. पूर्व किनाऱ्यावर त्या दिवसांतही सर्फिंग चालू असतं, पण लाटा मोठ्या असू शकतात, म्हणून तिथे प्रशिक्षकाबरोबरच उतरा.

ऑक्टोबरमध्ये परत अश्वेमला गेलात की पहिल्या पाच लाटा पोटावर झोपूनच घ्या. चार महिन्यांत वाळूचे उंचवटे सरकलेले असतात, लाट मागच्या हंगामात फुटायची तिथे फुटेलच असं नाही. सहाव्या लाटेला उभे राहा.