सेकंड हँड गाडीचं रिकॉल बाकी आहे का, हे कसं तपासावं आणि त्यावरून भाव कसा करावा

टायर, ऑइलची पट्टी, बॉनेटच्या बोल्टांचा उडालेला रंग, हे सगळं बघायचं असतं हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. ते सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्याच काकांना रिकॉलबद्दल (कंपनी सदोष भाग फुकट बदलून द्यायला विकलेल्या गाड्या परत बोलावते, त्याबद्दल) विचारलंत तर ते एका वाक्यात निकाल लावतात : ‘रिकॉल आलेली गाडी घ्यायचीच नाही.’

हा सल्ला ऐकायचा तर चालत फिरावं लागेल. जुलै 2020 मध्ये मारुतीने फ्युएल पंपासाठी 1,34,885 वॅगनआर आणि बलेनो बोलावल्या. सप्टेंबर 2021 मध्ये सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस, एक्सएल6 मिळून 1,81,754. जुलै 2023 मध्ये स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी 87,599 एस-प्रेसो आणि ईको. मराठी मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये ज्या गाड्या उभ्या असतात त्याच या. रिकॉल येणं हा गाडीचा गुन्हा नाही. रिकॉल आलं आणि कुणी ते करूनच घेतलं नाही, ही भानगड. आणि विकणारा ‘झालंय हो’ म्हणतो पण कागद दाखवत नाही, ही त्याहून मोठी.

गेल्या बारा वर्षांत सासर-माहेर आणि शेजारपाजार धरून पंधराएक गाड्या मी बघून दिल्या आहेत. (विकणारा अजूनही उत्तरं माझ्या नवऱ्याला देतो. नवऱ्याला गाडीतलं फक्त एफएम कळतं.) त्यांतल्या एका गाडीत मी सपशेल फसले. ती गोष्ट पुढे येईल, कारण या लेखातला कठीण भाग तोच आहे.

पहिलं काम : त्या मॉडेलला काय काय आलं होतं ते शोधा

मॉडेलचं नाव, ‘रिकॉल’ आणि वर्ष घालून शोधलंत की बातम्या सापडतात. पाच मिनिटांचं काम. फक्त नोंदणीची तारीख बघू नका, बनावटीचा महिना बघा. रिकॉल बनावटीच्या तारखेवर लागतं. वर सांगितलेल्या वॅगनआर 15 नोव्हेंबर 2018 ते 15 ऑक्टोबर 2019 या काळात तयार झालेल्या होत्या. त्यातली एखादी शोरूममध्ये उभी राहून 2020 च्या जानेवारीत पासिंग झाली असेल, तर विकणारा छातीठोकपणे ‘ट्वेंटी-ट्वेंटीची आहे’ म्हणेल आणि तुम्ही यादीतून तिला वगळाल. बनावटीचा महिना आणि वर्ष आरसीवर छापलेलं असतं.

दुसरं काम : चेसिस नंबर. इथे घाई कराल तर सगळं वाया

कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल तपासायला गाडीचा नंबर बहुधा चालत नाही, सतरा अक्षरी चेसिस नंबर लागतो. मारुतीच्या रिकॉलमध्ये तो बहुतेकदा एमए३ किंवा एमबीएच या तीन अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे चौदा अक्षरं-आकडे येतात. आता हा नंबर मिळवायचा कुठून? लोक सांगतात, ‘एमपरिवहनवर टाका, सगळं येतं.’ (हे सरकारचं वाहनांच्या माहितीचं ॲप.) येतं, पण चेसिस नंबरच्या जागी अर्धे तारे येतात. मग विकणाऱ्याकडून व्हॉट्सॲपवर आरसीचा फोटो मागवला जातो. मीही तेच केलं होतं.

धाकट्या दिरांसाठी 2019 च्या बनावटीची एक पेट्रोल हॅचबॅक बघितली होती. कंपनीचं नाव घेत नाही. गाडी स्वच्छ, एकच मालक, चाळीस हजार किलोमीटर. आरसीचा फोटो आला, स्मार्ट कार्ड खिशात घासून पांढरं पडलेलं. मी नंबर वाचला, वेबसाइटवर टाकला, उत्तर आलं की या गाडीला काही लागू नाही. मी दिरांना म्हटलं, ‘भाऊजी, घ्या बिनधास्त.’ तीन महिन्यांनी खंबाटकीच्या चढावर, मागे उसाचा ट्रक, गाडीत सासूबाई आणि दोन लहान मुलं, आणि इंजिन बंद. चावी फिरवली की पुन्हा सुरू, शंभर मीटरवर पुन्हा बंद. भाऊजींनी हँडब्रेक ओढून गाडी कडेला घेतली ती निव्वळ नशिबाने. सर्व्हिस सेंटरला टो करून नेली, तिथल्या पोराने बॉनेट उघडून पत्र्यावरचा नंबर टाकला आणि दोन मिनिटांत म्हणाला, ‘मॅडम, हिचं फ्युएल पंपाचं कॅम्पेन पेंडिंग आहे.’ कॅम्पेन म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या भाषेत रिकॉल, आणि पेंडिंग म्हणजे ते काम बाकी.

मी फोटोवरून वाचताना 8 चा बी केला होता. एक अक्षर. त्या वेबसाइटने ‘नंबर चुकलाय’ असं म्हटलं नाही. तो नंबर तिच्या यादीत नव्हता, एवढंच तिने सांगितलं, आणि मी त्याचा अर्थ ‘गाडी ठीक आहे’ असा लावला.

तेव्हापासून माझा नियम : चेसिस नंबर गाडीच्या अंगावरूनच घ्यायचा. बहुतेक गाड्यांत तो बॉनेटखाली, इंजिन आणि पुढची काच यांच्या मधल्या पत्र्यावर ठोकलेला असतो, किंवा पुढच्या सीटजवळच्या गालिच्याला चिरलेली छोटी झडप असते ती उचलली की दिसतो. धूळ ओल्या फडक्याने पुसा. मोबाइलचा टॉर्च समोरून नको, बाजूने मारा, म्हणजे ठोकलेल्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. तरीही शंका राहिली तर आरटीओचे एजंट ट्रान्सफरच्या फॉर्मसाठी करतात तेच करा : पातळ कागद वर ठेवून पेन्सिल आडवी घासा. 8 आणि बी यांचा वाद पेन्सिल मिटवते. अजून एक : चेसिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच. ओसारखं काही दिसलं तर ते शून्य, आयसारखं दिसलं तर एक.

पत्र्यावरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षर-अक्षर जुळवा. ठोकलेली अक्षरं वेडीवाकडी, एखादं ताजं घासलेलं दिसलं किंवा जुळणी झालीच नाही, तर रिकॉल विसरा आणि तिथून निघा. तो विषय पोलिसांचा आहे, या लेखाचा नाही.

तिसरं काम : उत्तर नीट वाचा

वेबसाइटवर नंबर टाकून स्क्रीनशॉट काढून ठेवा. पण ‘लागू नाही’ या उत्तराचे तीन अर्थ होऊ शकतात : रिकॉल आलंच नव्हतं, आलं होतं आणि काम झालं, किंवा तुम्ही माझ्यासारखी चूक केलीत. हे तीन वेगळे करायचे तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला जावंच लागतं. फोनवर ते बहुधा सांगत नाहीत, कारण गाडी तुमच्या नावावर नसते, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून विकणाऱ्याला सोबत न्या. तो जायला तयार नसेल तर तेही उत्तरच आहे.

काउंटरवर ‘रिकॉल आहे का?’ असं विचारू नका. कंपन्यांना हा शब्द आवडत नाही. त्यांच्या पत्रांत ‘तपासणी मोहीम’, ‘खबरदारी म्हणून बदल’ असलं गुळमुळीत लिहिलेलं असतं, आणि ॲडव्हायझरही ‘नाही मॅडम, रिकॉल वगैरे काही नाही’ म्हणून मोकळा होतो. असं विचारा : ‘या चेसिसवर कुठलं कॅम्पेन पेंडिंग आहे का? आणि आधी कुठली झाली, कुठल्या तारखेला, कुठल्या डीलरकडे?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मागा. सर्व्हिस हिस्टरीची प्रिंट किंवा त्या दिवसाचं जॉब कार्ड, म्हणजे गाडीवर काय काम केलं त्याचा सर्व्हिस सेंटरचा कागद.

‘आमच्या गॅरेजवाल्याने तो पार्ट केव्हाच बदललाय’ हे वाक्य पुरावा म्हणून धरू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये होंडाने फ्युएल पंपासाठी जुन्या गाड्या बोलावल्या तेव्हा त्यांत 2,204 अशाही होत्या, ज्यांत तो पंप आधीच सुटा भाग म्हणून बदललेला होता. बदललेला पार्टच सदोष खेपेतला होता. गॅरेजवाला गुणी असेल, पण कुठली खेप खराब हे त्याला कुठून कळणार?

एअरबॅगसाठी वेगळं लिहावंच लागेल

बाकीच्या रिकॉलमध्ये मी घासाघीस करते, एअरबॅगमध्ये नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून ते बिघडतं, आणि एअरबॅग उघडताना धातूचं डबडंच फुटून त्याचे तुकडे माणसाच्या अंगावर येतात. अपघातातून वाचवणारी वस्तूच घात करते. जगातलं सर्वांत मोठं रिकॉल हेच, आणि त्यात कंपनी 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे होंडाने जानेवारी 2017 मध्ये या कारणासाठी 2012 च्या बनावटीच्या 41,580 जॅझ, सिटी, सिव्हिक, अकॉर्ड बोलावल्या. हा त्यातला फक्त एक टप्पा, असे टप्पे आधीही होते आणि नंतरही. या काळातली गाडी मुंबईत, अलिबागला, रत्नागिरीला किंवा गोव्यात वाढली असेल तर उष्णता आणि दमटपणाची बेरीज आपोआप झालेली आहे. स्वस्तात मिळालेली जुनी सेदान म्हणून खूश होण्याआधी इन्फ्लेटर बदलल्याचा कागद हातात घ्या.

आणि इथे चेसिस नंबरसुद्धा पुरत नाही. गाडीला मोठा अपघात झाला असेल आणि भंगारातून दुसऱ्या गाडीची एअरबॅग आणून बसवली असेल, तर वेबसाइट मूळ गाडीबद्दल बोलते, आत बसवलेल्या भागाबद्दल नाही. म्हणून चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तो गप्प केलाय, हे जास्त वाईट.

काही वेळा कंपनी स्वतःच ‘बदलेपर्यंत चालवू नका’ सांगते. जानेवारी 2023 मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी 17,362 गाड्या बोलावताना तसंच सांगितलं होतं. अशा गाडीची टेस्ट ड्राइव्हसुद्धा घेऊ नका.

भाव

इथे दोन्ही बाजू खुळ्यासारखं वागतात. घेणारा म्हणतो, ‘पंप पेंडिंग आहे, पंधरा हजार कमी करा.’ का? रिकॉलचं काम फुकट होतं. गाडी दुसऱ्या मालकाची असो, तिसऱ्याची असो, वॉरंटी संपलेली असो. पार्टची किंमत भावातून कापणं म्हणजे फुकटच्या जेवणाचं बिल मागणं. विकणारा म्हणतो, ‘फुकट आहे ना, मग तुम्हीच करून घ्या नंतर.’ हेही नको. पार्ट कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि तोवर ती गाडी घाटात घेऊन तुम्ही जाणार असता.

माझी पद्धत अशी : टोकन द्या, पावतीवर ‘अमुक कॅम्पेन पूर्ण झाल्याचं जॉब कार्ड मिळाल्यावर उरलेली रक्कम’ असं लिहून घ्या, आणि भाव ठरला तोच ठेवा. पार्टला महिनाभर लागणार असेल आणि विकणारा थांबायला तयार नसेल, तरच काहीतरी कमी करून घ्या, तेही तुमच्या खेपा आणि खोळंबा यांचे. सप्टेंबर 2021 च्या रिकॉलमध्ये मोटर जनरेटर युनिट बदलेपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी नेऊ नका, इलेक्ट्रिकल भागांवर थेट पाणी मारू नका, असं सांगितलेलं होतं. ऐन पावसाळ्यात ठाण्यात राहणाऱ्याला अशी गाडी म्हणजे शोभेची वस्तू. तिथे मी बिनदिक्कत भाव पाडेन.

काम झालेलं असेल आणि कागद असेल, तर एक पैसा कापू नका. त्या गाडीत नवा पंप किंवा नवा रॉड कंपनीने स्वखर्चाने बसवलाय. तीच गाडी, तोच महिना, एकीचं जॉब कार्ड आहे आणि दुसरीचं नाही, तर मी पहिलीला जास्त देते. विकणाऱ्यांनी हे वाचत असाल तर फाइलमध्ये ते जॉब कार्ड सगळ्यात वर ठेवा.

अपवाद सॉफ्टवेअरचा. डिसेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगन समूहाने धुराच्या चाचणीत सॉफ्टवेअरने फसवल्याच्या भानगडीनंतर भारतात 3,23,700 डिझेल गाड्या बोलावण्याचं जाहीर केलं. अशा कामानंतर गाडीच्या वागण्यात, मायलेजमध्ये फरक पडला का, हे कागदावरून कळत नाही. काम झाल्यानंतरची टेस्ट ड्राइव्ह घ्या, चढावर घ्या, एसी लावून घ्या, मग भाव बोला.

कंपनी दादच देत नसेल तर 1 एप्रिल 2021 पासून नियम आहेत : मोटार वाहन कायद्याच्या कलम 110अ खाली सरकार रिकॉलचा हुकूम काढू शकतं, कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि परिवहन खात्याच्या पोर्टलवर मालकाला तक्रार नोंदवता येते. ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती आहे. त्याआधी, 2012 पासून, सगळा मामला कंपन्यांच्या स्वेच्छेचा होता.

शेवटचं काम

गाडी नावावर झाली की त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरला जाऊन मोबाइल नंबर आणि पत्ता बदलून घ्या. आरटीओत बदलला म्हणजे कंपनीकडे बदलला असं होत नाही. भाऊजींच्या गाडीचं पत्र रीतसर आलं होतं, पहिल्या मालकाच्या चिंचवडच्या जुन्या भाड्याच्या फ्लॅटवर.